बारा सोमवारची काजं

आम्ही दोघं बहीणभाऊ शिंपी, आणि दोघांनाही सांधे सुजवणारा संधिवात. मला आठवड्यातून एकदाची गोळी, धाकट्याला पंधरवड्याचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले होते, "एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. तुलना करत बसू नका." आम्ही माना डोलावल्या आणि दुकानात येऊन तुलना सुरू केली.

बोटं सकाळी सगळ्यात जास्त आखडतात. म्हणून दर सोमवारी उठल्या उठल्या, आपापल्या घरी, हातानं बटणाचं एक काज करायचं आणि तो कापडाचा तुकडा दुकानाच्या भिंतीवर टाचायचा. बारा आठवडे. ज्याची काजं सरस, त्याचं औषध सरस. मग दुसऱ्यानं डॉक्टरांकडे तेच मागायचं.

माझं पहिलं काज बघून धाकटा म्हणाला, "ताई, हे काज आहे की उंदराचं बीळ?" सातवं बरं जमलं. पण त्याची मेली पहिल्यापासून देखणी! माझा नुसता जळफळाट. शेवटी ठरवलं, उद्याच्या तपासणीत इंजेक्शनच मागायचं.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून तुकडे भिंतीवरून काढले आणि पहिल्यांदाच उजेडात नीट पाहिले. धाकट्याच्या बाराही काजांचे टाके उलट्या बाजूनं गेलेले. असे टाके डावखुरा माणूस घालतो. धाकटा उजव्या हातानं शिवतो. डावखुरी त्याची बायको.

मला रागही आला आणि रडूही आलं. आधी राग उरकून घेतला.

"अरे गाढवा, मी माझं लागू पडलेलं औषध सोडणार होते!"

"खरं सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस," तो मान खाली घालून म्हणाला. "माझे हात चालत नाहीत गं, ताई."

मग रडूही उरकलं. त्यानंही माझ्याबरोबर उरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कसं काय?"

"छान," म्हणाला. निर्लज्ज.

"शर्ट काढा."

पहिल्या बटणाशी तो इतका वेळ झगडला की डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी पुढे होऊन बटणं सोडली. वेळ मलाही लागला. शर्ट गेल्याच महिन्यात मी शिवलेला, काजं अगदी घट्ट झाली होती.

"याचं औषध बदला," मी म्हटलं. "माझं राहू द्या."