वेल दारापर्यंत

धप्प आवाज झाला आणि भिंतीवर पानाऐवजी हिरवा डाग पसरला. हातोडा दोन पावलं मागे सरला आणि डागाकडे बघून म्हणाला, "झालं कल्याण."

हातोडा हे त्याचं गोदामातलं नाव. उभा जन्म पोत्यांवर नि खोक्यांवर शिक्के मारण्यात गेला. टेबल असं हादरायचं की शेजारचा कारकून चहाचा कप हातात धरूनच बसायचा. बायकोही शिक्केच मारायची, पण तिचा मामला वेगळा. रबर कोरून ती पानं, पाखरं करायची आणि घरात दिसेल त्या वस्तूवर उमटवायची. उशांचे अभ्रे झाले, दिव्याची छत्री झाली, कपाटाची दारं झाली. कुंडी गोल असली तर शिक्का उताणा ठेवून कुंडीच त्यावरून फिरवायची. हातोड्याच्या बनियनवरही एकदा वेल चढली होती. आता माझं टक्कल तेवढं राहिलंय, असं तो गोदामात सांगायचा आणि सांगताना खूश असायचा.

लेकीला दिवस गेले तेव्हा बायकोने मधल्या खोलीत छातीइतक्या उंचीवर वेल धरली. दाराला नेऊन भिडवायची होती. अर्ध्या भिंतीवर आली आणि एके सकाळी तिचं उजवं अंग लुळं पडलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात काही आला नाही. आज संध्याकाळी लेक बाळाला घेऊन यायची होती. रंगारी बोलावू म्हटलं तर बायको ऐकेना. घरची वेल परक्या हाताने नको, एवढं एकच धरून बसली. आणि घरचा हात म्हणजे हा.

त्याने ओल्या फडक्याने डाग पुसला. "मला जमायचं नाही. माझा हात कसला आहे, तुला माहीत आहे."

ती खुर्चीत बसून बघत होती. रागावली नव्हती. पूर्वी शिक्क्याला रंग लावला की पहिला ठसा ती कधीच वस्तूवर घ्यायची नाही. जादा रंग निघून जावा म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर टेकवायची. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि बाही वर सारली.

"आधी इथे मारा."

"लागेल गं."

"त्याला कुठे काय कळतंय? मारा."

हातोड्याने रंग लावला. सवयीने हात वर गेला आणि तिथेच थांबला. आजवर काय काय झोडपलं होतं, पण हे मनगट. त्याला चक्क भीती वाटली. शिक्का त्याने नुसता टेकवला आणि उचलला. शिरांसकट पान उठलं.

"कळलं काही?"

"नाही," ती म्हणाली. "आता भिंतीलाही कळता कामा नये."

मग तसंच चाललं. एक पान तिच्या हातावर, एक भिंतीवर. दुपार कलायच्या आत वेल दाराला भिडली. तिचा हातही कोपरापर्यंत भरला होता. तो साबण-पाणी घेऊन आला, तर राहू द्या म्हणाली.

लेक आली. आल्याआल्या भिंत न्याहाळत राहिली आणि आईने आजारपणाआधीच सगळी पुरी केली होती की काय, असं विचारलं. हातोड्याने खाकरून खिडकीकडे बघितलं. लेकीने बाळ आईच्या मांडीवर दिलं, डोकं त्या हिरव्या हातावर. हाताला भार पेलेना, कोपर घसरायला लागलं. हातोडा शेजारी टेकला आणि त्याने खालून आपला हात लावला. बाळाची झोप मोडली नाही.