काडीपैलवानाचे उलटे अंगठे

मित्रांनो, आधी एकदा मनसोक्त घाबरून घ्या, म्हणजे मला निवांत बोलता येईल. मी एक जुना सांगाडा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या लोखंडी स्टँडवर, डोक्यातल्या आकड्याला टांगलेला असतो. माझ्यात भुताखेताचं काही नाही. मी कधी मेलो नाही, कारण कधी जिवंतच नव्हतो. मी अस्सल प्लॅस्टिकचा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून हाडं गरमागरम बाहेर पडत आणि लांब टेबलांशी बसलेल्या बायका ती स्क्रूने आणि तारेने जोडत. माझ्या फासळ्या बसवणारी बाई भारी बडबडी होती. मला खोक्यात ठेवताना ती शेजारणीला म्हणाली, "हा शाळेत चाललाय म्हणे. पोरं याची हाडं खिळखिळी करणार बघ." मला मात्र कधी एकदा शाळा बघतो असं झालं होतं.

शाळेत माझं स्वागत थाटात झालं. पहिल्याच दिवशी मुलांनी माझं नाव काडीपैलवान ठेवलं. माझ्याशी हात मिळवायला रांगा लागल्या. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे कुणी माझ्या कवटीवर टोपी अडकवली, कुणी कोपरात छत्री. बरगड्यांच्या आत कोळ्याने संसार थाटला आणि मी कोपऱ्यात दात काढून उभा राहिलो. दुसरं काही मला काढताही येत नाही.

अशातच जीवशास्त्राच्या बाई आल्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, ते थोडक्यात हुकलं होतं. शिकवायच्या चोख, पण सगळं पुस्तकातलं. छडीचं टोक माझ्यावर टेकवत त्या म्हणायच्या, "हे दंडाचं हाड. हे मांडीचं. या फासळ्या. उतरवून घ्या." माना खाली, पेनं चालू, तास संपला. हाडाची शिक्षिका म्हणतात तशा त्या नव्हत्या, नुसत्या हाडांच्या शिक्षिका होत्या.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असे, तेव्हा त्या आईला फोन करत. आईंचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नाही. त्यामुळे मला सगळं कळायचं. बाई रोज पहाटे ध्यानाच्या वर्गाला जात. "अगं, मन लागतं का तिथे?" आई विचारायच्या. "डोळे मिटून बसते," बाई म्हणायच्या, "आणि आजचा तास कधी संपेल तेच डोळ्यांसमोर येतं."

एके दिवशी त्या म्हणाल्या, "आई, औषधाच्या कंपनीत मला नोकरी मिळतेय. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय."

"सांगायचंय काय त्यात? हो म्हण. घसा फोडून तुला मिळालं काय?"

"हो. हो म्हणणार आहे," बाई म्हणाल्या. माझ्या पोटात गोळा आला असता, पण पोट आणू कुठून? बाई कोरड्या असतील, पण माझ्या बरगड्यांतली जळमटं त्यांनी स्वतःच्या रुमालाने काढली होती. त्या जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्यांनी मला सुटा केला आणि माझे हात, पाय, कवटी एका टोपलीत भरली. रंग वाळला तसे बाई आणि शिपाईमामा मला घाईघाईने जोडायला बसले. बाईंचं लक्ष निम्मं घड्याळाकडे. त्यांनी माझा उजवा पंजा डाव्या मनगटाला लावला आणि डावा उजव्याला. मी आतून ओरडत होतो, "अहो बाई, बघा तरी!" पण बत्तीस दात असून जीभ नाही, अशी माझी गत.

शनिवार उजाडला. बाईंनी छडी उचलली आणि दंडाच्या हाडापासून सुरुवात केली. वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणती म्हणत. ती उभी राहिली.

"पण बाई, याचे अंगठे मागे आहेत."

वर्गात खसखस पिकली. बाईंचा चेहरा लाल झाला. 'बस खाली' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मी पाहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, "त्यात काय? आपलेही जातात की मागे." त्याने हात खाली सोडून असा काही फिरवला की त्याचा अंगठा खरोखरच मागे गेला.

बाई बघत राहिल्या. मग त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग कोण बरोबर? मलाही नीट कळत नाहीये. सगळे उभे राहा आणि करून बघा."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! सगळा वर्ग हात पिळू लागला. बाकं सरकली, कोपरं एकमेकांना लागली. "अंगठा मागे नेला की तळवा बाहेर येतो!" कुणीतरी म्हणालं. पणती माझ्याजवळ धावत आली. "पण याची बोटं मांडीकडे वळलीयत. म्हणजे तळवा आत आहे. तळवा आत आणि अंगठा मागे, असं होतच नाही. पंजे बदललेत याचे!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मीच चुकीचे लावले."

कुणीही हसलं नाही. कुणाला वेळच नव्हता. एकाला कोपराखाली धरल्यावर आतलं हाड फिरताना बोटांना जाणवलं होतं, आणि आता प्रत्येकाला ते शोधायचं होतं. बाईंनीही स्वतःचा हात धरला. इतकी वर्षं त्या माझी हाडं दाखवत होत्या, स्वतःचं हाड आज पहिल्यांदा चाचपत होत्या. बोट सरकत सरकत मनगटाशी आलं आणि त्या थांबल्या.

"अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "दाबू नका. वाट बघा."

वर्ग गप्प झाला. ही शांतता दटावून केलेली नव्हती. पुढचा तास गणिताचा होता; सर मुलांना शोधत दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय ते न विचारता त्यांनीही आपलं मनगट धरलं. "नाडी लागली," एक जण पुटपुटला. "मलाही," दुसरी म्हणाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी फोन लावला.

"कळवलंस का गं?" आईंनी विचारलं.

"कळवते आता. नाही म्हणून."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आज आलंय ठिकाणावर. आई, आज वर्गात मी विसरूनच गेले की मी डॉक्टर झाले नाही. मी कोण तेच विसरले. पहाटे उठून जे शोधत होते ते मला मुलांच्या गलक्यात मिळालं गं."

पलीकडे आईंचा आवाज प्रथमच जरा उतरला. त्या म्हणाल्या, "सकाळी मी अख्ख्या गल्लीला सांगून बसले, लेक कंपनीत चालली म्हणून. आता काय सांगू?"

"सांग, लेक शिकवते."

मित्रांनो, याला बरीच वर्षं झाली. बाई अजून शिकवतात, आणि आता त्यांच्या तासाला मला कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही. माझे सांधे मात्र कुरकुरतात. म्हणून विनंती एवढीच, की माझ्यासारख्या जुन्या वस्तूला हात लावा, पण हलक्या हाताने लावा. आणि वर्गात काही खटकलं, तर मनात ठेवू नका, उभे राहून विचारा. त्या शनिवारी एक माणूस शाळा सोडून चाललं होतं, हे मुलांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या हाताकडे नीट पाहिलं होतं.