अठ्ठाविसाव्या दिवशी मला फोडा

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. वीतभरसुद्धा लांब नाही, पण वजन आठ किलो. माझ्यावर लगेच भरवसा ठेवू नका. माझा मलाच नाही.

माझ्या पोटात नांदेडकडची राख आहे. शहरभराचा कचरा भट्टीत जाळला की उरते ती. फाटक्या चपला, गोळ्यांची पाकिटं, घड्याळाचे सेल, काय काय जळलं असेल कोण जाणे. रेणापूरजवळच्या एका गावात अंगणवाडीसाठी पाण्याची टाकी बांधायची होती. हरिओम ठेकेदारानं वाळूत ही राख मिसळली. मिसळायला हरकत नसते म्हणे, पण आधी धुऊन, तपासून घ्यावी लागते. त्याला कुठला धीर?

त्याच काँक्रीटचा नमुना म्हणून मला साच्यात ओतलं, तेव्हा माझ्या अंगावर बुडबुडे आले. बांधकामावर पाणी मारणारी शिवम्मा वाकून बघत राहिली. तिची नात त्याच अंगणवाडीत जाते.

"आंबलेल्या पिठावानी फुगून राहिलंय की हे," ती म्हणाली.

"हवा हाय मावशी. जाईल," म्हणत हरिओम हसला.

तेव्हापासून हसणाऱ्या माणसाची मला धास्तीच आहे.

नियम असा, की ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग लातूरला नेऊन यंत्रात दाबून फोडायचे. ठरलेल्या दाबापर्यंत ते टिकले तरच टाकीचं काम पुढं. हरिओमनं गुपचूप दुसरे ठोकळे ओतले. राख नाही, सिमेंट दुप्पट. त्यांच्यावर माझी तारीख रंगवली. परीक्षेला दुसऱ्याचं पोरगं बसवावं तसं. मला पाण्याच्या मोटारीखाली टेकू म्हणून सारलं.

ठरल्या दिवशी तपासणीच्या इंजिनिअर ऋतुजा मॅडम आल्या. शिवम्मानं पदर खोचला, मला ओढून काढलं आणि चक्क कडेवर घेतलं.

"म्याडम, खरा ठोकळा ह्यो हाय. त्ये न्हाईत."

"उद्यापासून कामावर येऊ नको," हरिओम म्हणाला. या वेळी हसला नाही.

"नको तर नको. माझी नात पिणार हाय त्या टाकीचं पाणी."

मॅडमनी मला नखानं खरवडलं, तर राखेचे कण निघाले. त्यांचाही माझ्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. "आधी फोडू," त्या म्हणाल्या. "मग तुकडे पाण्यात ठेवून राखेतलं काय काय त्यात उतरतं तेही बघू."

आता मी यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये बसलोय. रोजी गेलेली शिवम्मा दाराशी उभी आहे. मॅडम, हात आखडू नका. मी टिकलो तरी शाबासकी देऊ नका, पाण्याचा निकाल येऊ द्या. आणि लवकर फुटलो, तर माझ्यासाठी हळहळू नका. त्या बाईला तेवढं सांगा, की तिचं खरं होतं.