नव्या रंगाची भिंत

मस्कतहून मुलीचा, संघरत्नाचा, फोन आला की मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरायचो आणि "बरं आहे" एवढंच म्हणायचो. पुढचं काही सुचायचंच नाही. शेवटी ती म्हणाली, "आबा, तुम्ही काही बोलतच नाही. मला तिकडचं काही कळत नाही. निदान दिसा तरी." सुट्टीत ती कॉम्प्युटर आणि कॅमेरा ठेवून गेली आणि जाताना फोन-ब्रॉडबँडचा अर्जही करून गेली.

वायर आत यायची तर भिंतीला छिद्र पाडावं लागणार होतं. शहापुरात मी भाड्याने राहत होतो. ही खोली मिळण्याआधी तीन घरांत आडनाव सांगितल्यावर खोली नुकतीच गेलेली निघाली होती. इथल्या घरमालकीण चंद्रकलाबाईंनी आडनाव विचारलं नाही. "खिळा ठोकायचा नाय, रंग नवा हाय," एवढंच बजावलं. आता त्यांनाच छिद्राचं कसं विचारायचं? दोन दिवस मी मनात वाक्य जुळवत होतो.

त्या तांदूळ निवडत होत्या. मी हळूच म्हणालो, "भिंतीला एक लहानसं छिद्र... चालेल का?"

"एकच ना? लावा की, मास्तर. भुंडी भिंत काय कामाची?"

मी मास्तर नव्हतो, ग्रंथपाल होतो. पण तेही कधी सांगितलं नव्हतं. 'लावा' हा शब्द मला खटकला. तरी परवानगी मिळाली या आनंदात मी तो सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी लाइनमन नामा आला. त्याचं ड्रिल सुरू होताच चंद्रकलाबाई धावत आल्या.

"मास्तर, चित्र लावताय का बोअर मारताय?"

"चित्र?" नामा म्हणाला. "वायरला भोक पाडतोय, मावशी."

"भोक! यांनी चित्र सांगितलं मला."

"मी छिद्र म्हणालो होतो," मी म्हणालो.

"शिद्र म्हंजे?"

"भोक."

नामा तोंड फिरवून हसला. चंद्रकलाबाई फरशीवर पडलेल्या निळ्या पोपड्यांकडे बघत राहिल्या. खोली गेली, असं मला वाटलं.

"मी भिंत नीट करून देतो. हवं तर खोलीही सोडतो."

"खोली कोण सोडा म्हणतंय? पण हे भोक कशासाठी?"

वाक्य जुळवायला वेळ नव्हता. "मुलगी मस्कतला आहे. मला फोनवर बोलता येत नाही. तिला मी दिसायला हवा."

त्यांनी पोपडे पायाने बाजूला सारले. मग नामावर ओरडल्या, "नुसता काय उभा? बाहेरनं सिमिट लाव, नायतर पाणी यील आत. मास्तर, आता पुन्हा काय पाडायचं असेल तर मराठीत सांगा."

संध्याकाळी पडद्यावर संघरत्ना दिसली. मी तिच्याकडे बघत राहिलो, नेहमीसारखा गप्प. चंद्रकलाबाई दारात उभ्या होत्या. "गो बाय, तुझा बाप जेवतो, झोपतो, सगळं ठीक हाय," त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं.

संघरत्ना कॅमेऱ्यात वाकून बघू लागली. "आबा, मागे भिंतीला काय झालंय?"

"भोक," मी म्हणालो. आणि ते कसं पडलं, हे अगदी तांदूळ निवडण्यापासून सांगायला लागलो.