सुताराच्या पोटरीतली बिंबिका

मी एक जुनी रक्तबिंबिका आहे. जुनी म्हणजे नऊ दिवसांची. हसू नका मित्रांनो, आमच्यात दहावा दिवस पाहणारी म्हातारी समजली जाते. दवाखान्यात मला प्लेटलेट म्हणतात. इवलीशी चपटी चकती आहे मी, पण माझे उपद्व्याप मोठे. आत्ता मी एका सुताराच्या डाव्या पोटरीतल्या शिरेत अडकून बसले आहे, आणि माझी पकड सुटली तर त्याचा जीव जाऊ शकतो.

माझा जन्म त्याच्याच हाडाच्या मगजात झाला. तिथल्या एका अवाढव्य पेशीच्या अंगाचे तुकडे पडतात, तेच आम्ही. आमचं काम एकच. रक्तवाहिनी फाटली की धावत जायचं, तिथं चिकटायचं, पोटातल्या पिशव्या उघडून बाकीच्यांना हाक मारायची आणि भोक बुजवायचं.

मी जन्मले त्याच्या दुसऱ्याच दिवशी लाकूड कोरायची पटाशी निसटली आणि सुताराच्या डाव्या नडगीत घुसली. आम्ही सगळ्या धावलो. पण मी पोचेपर्यंत पुढच्या बहिणींनी जागा धरल्या होत्या, धागे विणून झाले होते, रक्त थांबलं होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी नाक मुरडून परत वाटेला लागले. खरं सांगते, मला राग आला होता. पुढचं सगळं त्या रागापायी झालं, असं मला अजून वाटतं.

बाहेर सुतारानं दोन चुका केल्या. जखमेत लाकडाचा भुसा दाबला, कारण त्याचे वडील तसंच करायचे. मग पाय दोन लाकडी पट्ट्यांमध्ये ठेवून दोरीनं करकचून बांधला. चिकटवलेला सांधा वाळेपर्यंत हलवायचा नसतो, हा त्याचा चाळीस वर्षांचा धडा. तोच त्यानं स्वतःच्या पायाला लावला.

"अहो, निदान दारापर्यंत तरी चाला," बायको म्हणायची.

"आधी सांधा धरू दे," असं म्हणून तो खुर्चीतच बसून राहायचा.

भुशाबरोबर जंतू आत शिरले, आणि पांढऱ्या पेशी जखमेवर तुटून पडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. तापट जात! जंतूंना धरण्यासाठी त्या स्वतःचंच अंग फाडतात आणि आतल्या चिकट धाग्यांचं जाळं फेकतात. जखम लाल झाली, गरम झाली, ठणकू लागली. त्यांच्या हाका रक्तातून पायभर पोचल्या.

पोटरीत तर रक्त जवळजवळ उभंच राहिलं होतं. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, पण ते बांधलेले. तिथं शिरेच्या भिंतीला एक आत्या चिकटून बसली होती. आसपास जखम नव्हती, जंतू नव्हता. ती एवढंच म्हणाली, "थांब गं, इथं काहीतरी आहे."

पहिल्यांदाच मला कोणी थांब म्हटलं होतं. मी थांबले. कसलीही शहानिशा न करता चिकटले आणि सगळ्या पिशव्या उघडल्या. माझ्या हाकेनं आत्या आणखी बिथरली, तिनं जाळं टाकलं. जाळ्यात माझ्या बहिणी अडकल्या, त्यांनी आणखी आत्यांना बोलावलं. बघता बघता राईचा पर्वत झाला. माझ्याभोवती बोटभर लांबीची गुठळी तयार झाली आणि तिचं शेपूट शिरेत हेलकावू लागलं.

तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. हे शेपूट तुटलं तर मांडीतून वर, हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकणार. सुतार श्वासाला महाग होणार. आणि सुरुवात मी केलेली!

घाव बसल्याच्या सातव्या दिवशी दुपारी पोटरी टम्म फुगली. बायकोनं पट्ट्या सोडल्या आणि वाटीत तेल कोमट करून आणलं.

"आखडलाय पाय. चोळून देते, बघा कसा मोकळा होतो."

तिचे अंगठे पोटरीवर टेकले आणि वर सरकले. गुठळी हादरली. शेपटाचा एक धागा तटकन तुटला. मी आणि आत्या एकमेकींना घट्ट धरून बसलो. बायकोला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझी हाक शिरेबाहेर जात नाही. अंगठे पुन्हा खाली आले.

तेवढ्यात दार उघडलं. सून कामावरून आली होती. ती दवाखान्यात रक्त तपासते.

"आई, हात काढा!"

"अगं, तेलच लावतेय."

"आधी हात काढा. बाबा, तुमचा टेप कुठाय?"

तिनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सुतारानं टेप तिच्या हातून घेतला आणि पुन्हा स्वतः मोजल्या. डावी चार सेंटिमीटर जास्त भरली. आयुष्यभर टेपवर विश्वास ठेवलेला माणूस तो, त्याचा चेहराच उतरला.

"शिरेत गुठळी असणार," सून म्हणाली. "आता चोळायचं नाही. मी गाडी बोलावते."

बायकोनं तेलाची वाटी दूर सारली. "मी काय करून बसले असते गं!"

"तू काही नाही केलंस," सुतार म्हणाला. "पट्ट्या मी बांधल्या."

दवाखान्यात भुसा धुऊन काढला, जंतूंवर औषध दिलं, आणि गुठळी वाढू नये म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शनानं मी विरघळले नाही. ते काम शरीर स्वतः करतं, आणि सावकाश करतं. आत्याचं जाळं विरू लागलंय. ती आता कोणाला हाका मारत नाही.

मित्रांनो, जखमेत भुसा, माती, राख काही घालू नका, ती धुऊन घ्या. एकच पाय सुजला, गरम झाला तर चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि पायांना चालू द्या. आमच्यावर मात्र फार रागावू नका. आम्ही नसतो तर पटाशीच्या त्या घावानंतर रक्त थांबलंच नसतं.

उद्या मी दहा दिवसांची होईन. औषध लागू पडलं, म्हणून डॉक्टरांनी आज सुताराला चालायला सांगितलंय. सुनेचा हात धरून तो वॉर्डात फेऱ्या मारतोय.

"बाबा, हळू."

"मोजतोय मी. अठरा पावलं झाली."

प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, रक्त जोरानं येतं आणि शेपूट हलतं. जन्मभर मला धावायचं होतं. आता कणाकणानं विरेपर्यंत सुटायचं नाही, एवढंच काम उरलंय.

एकोणीस. मी धरून आहे.