तिसरी कॉइल

सगळी गल्ली तिला क्लचबाई म्हणायची. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये तिने उभी हयात काढली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच दाबा!" असं ती इतकं ओरडायची की तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवरा लवकर गेला होता, मुलगा लहान होता, आणि त्या ओरडण्यावरच घर उभं राहिलं होतं. मुलाला गाडी तिनेच शिकवली, पुढे सुनेलाही तिनेच. शिकताना सून रडकुंडीला यायची तेव्हा ही म्हणायची, "रड हवं तर, पण आरशात बघून रड. मागून ट्रक येतोय."

आता ती निवृत्त होती. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात यांच्याबरोबर राहत होती. अंगणात मुलाची मोठी गाडी असायची आणि तिच्या बाजूला हिची जुनी, छोटी. भाजी आणणं, दवाखाना, नातीला बालवाडीत सोडणं, सगळं ती त्याच गाडीतून करायची. गाडीची बारीकसारीक कामंही ती घरीच उरकायची. ऑइल, फिल्टर, प्लग यांसाठी गॅरेजचं तोंड बघायला तिला कमीपणा वाटायचा.

मग गेटचा प्रकार झाला.

मुलाची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून त्या दिवशी तो हिची घेऊन गेला होता. परत आला तो फोन कानाला लावूनच. क्लचबाई अंगणात कपडे वाळत घालत होती. गाडी वळली ती वळतच राहिली, खांबावर आदळली, आणि गेटचं एक दार उखडून आत पडलं. ते पडलं नातीच्या तीनचाकी सायकलवर. सायकलचा चेंदामेंदा झाला. नात नुकतीच पाणी प्यायला आत गेली होती.

मुलगा गाडीतून उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. घरातून सुनेची हाक आली, "काय झालं? काय पडलं?" आणि ती ओल्या केसांनी धावत बाहेर आली. आठवड्यापूर्वीच फोनवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "गाडी चालवताना पुन्हा हातात फोन दिसला तर मुलीला घेऊन माहेरी निघून जाईन," असं तिने बजावलं होतं. आणि ती नुसतं बोलणाऱ्यातली नव्हती.

गाडीचं दार उघडंच होतं. क्लचबाईने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडून झालं गं. तो गेटबाहेरच उतरला, मी गाडी आत घेत होते, पाय सटकला."

मुलाने हातातला फोन हळूच खिशात सरकवला.

संध्याकाळी तो तिच्या खोलीत आला, तिच्या पलंगावर बसला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "आई, तू होतीस म्हणून." "जाऊ दे रे," ती म्हणाली. "फोन तेवढा खिशात ठेवत जा."

सून तिला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून नातीला बालवाडीत ती स्वतः सोडायला लागली. "तुमची उगाच दगदग होते आई," म्हणायची. क्लचबाईने ते गिळलं. चार दिवसांनी राग उतरेल, असं तिला वाटलं. राग नव्हताच तो, भीती होती, आणि भीती काही उतरली नाही. भिंतीच्या पलीकडून तिला सुनेचा आवाज ऐकू यायचा, "तू बोल ना त्यांच्याशी. वय झालंय आता. आणखी काही झाल्यावर बोलणार आहेस का?" मुलगा "बघतो" एवढंच म्हणायचा.

त्यानंतर गाडी आचके द्यायला लागली. उभ्या जागी थरथरायची, चढावर धापा टाकायची, समोरचा पिवळा दिवा लुकलुकायचा. मुलगा म्हणाला, "मी दाखवून आणतो." घेऊन गेला आणि परत आल्यावर बूट काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "गॅरेजवाला म्हणतो इंजिनच गेलंय. आता खर्च करण्यात अर्थ नाही आई. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"इंजिन गेलं म्हणजे काय गेलं?"

"गेलं म्हणजे गेलं. आता काय काय सांगू?"

इंजिन असं एका आठवड्यात जात नाही हे तिला कळत होतं. गाडीचे आचके ऐकून तिचा संशय सरळ कॉइलवर गेला. प्लगला ठिणगी पडते ती कॉइलमुळे. चार सिलिंडरना चार कॉइल, आणि त्यातली एक जरी मेली तरी तो सिलिंडर गप्प बसतो आणि उरलेले तिघं लंगडत गाडी ओढतात. पण तिने वर्षापूर्वीच चारही नव्या बसवल्या होत्या. म्हणून शनिवारी ती बसने स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदार तिचा जुना विद्यार्थी.

"एवढ्यात कशी जाईल बाई?" तो म्हणाला. "गेली असेल तर काढून आणा, मी बदलून देतो. पण आधी बघा तरी कुठली गेलीय ती."

घरी आली तेव्हा मुलगा आणि सून नातीला घेऊन बाहेर गेले होते. तिने अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं, वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि गाडी सुरू केली. मग पुन्हा बंद करून पहिल्या कॉइलचं वायरचं कनेक्टर काढलं आणि चालू करून पाहिलं. इंजिन आणखी गळपटलं, म्हणजे पहिली कॉइल काम करत होती. दुसरीचंही तसंच. तिसरीचं कनेक्टर काढलं तर आवाजात तसूभर फरक पडला नाही. चोर तिथे होता.

बॅटरीची वायर सोडवून ती इंजिन गार होईपर्यंत पायरीवर चहा घेत बसली. मग दहा नंबरच्या पान्याने तिसऱ्या कॉइलचा बोल्ट सैल केला, कॉइल थोडी पिळून हलवली आणि हळूच वर ओढली. लांबुळकी काळी कॉइल खालच्या रबरासकट बाहेर आली. रबराला उभी चीर पडलेली होती.

ती कॉइल हातात घेऊन ती बघतच राहिली. ही तिची नव्हतीच. नव्या चारही कॉइलच्या डोक्यावर तिने सुनेच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते, पहिलीला एक, दुसरीला दोन, असे. जागेवरच्या तिघींवर ठिपके होते. हिच्यावर काहीच नव्हतं. आणि रबराची ती चीर तिच्या ओळखीची होती. याच चिरेमुळे तर मागच्या वर्षी तिने चारही बदलल्या होत्या.

काढलेल्या जुन्या कॉइल तिने बिस्किटांच्या डब्यात घालून जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या होत्या. ती आत गेली आणि डबा काढला. डब्यात तीन मळक्या कॉइल होत्या आणि एक स्वच्छ, तीन लाल ठिपक्यांची.

कपाटाला कुलूप नव्हतं, पण तो डबा कुठे आहे हे घरात दोघांनाच माहीत होतं. कॉइल बदलताना टॉर्च धरायला मुलगा शेजारी उभा होता. "मेलेल्या कशाला जपून ठेवतेस?" असं हसत त्यानेच विचारलं होतं आणि त्यानेच डबा कपाटात सरकवला होता.

ती बराच वेळ जिन्याखाली वाकून तशीच उभी राहिली. कंबर दुखायला लागली तेव्हा बाहेर आली. ठिपक्यांची कॉइल फडक्याने पुसली, रबराच्या आत बोटभर ग्रीस फिरवलं, प्लगवर सरळ दाबली. खाली बसल्याचं हाताला कळलं. बोल्ट बेताने आवळला, कनेक्टर कट् करून बसवलं, बॅटरी जोडली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि आचके न देता चालू लागली. तिला मात्र आनंद म्हणून झाला नाही.

तेवढ्यात मोठी गाडी आत आली. सून उतरली आणि थबकली. "अरे, सुरू कशी झाली? इंजिन गेलंय ना?"

"इंजिनाला धाड भरलेली नाही," क्लचबाई म्हणाली आणि तडकलेली कॉइल तिने मुलापुढे धरली. "चांगली कॉइल काढून ही मेलेली कुणी बसवली, तूच सांग."

मुलाने कॉइलकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मला काय माहीत? तूच बसवली असशील आई. तूच तर गाडीशी खुडबुड करत असतेस."

एवढं ऐकलं आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिच्या हातून सुटलं. "मी? आणि गेटही मीच ठोकलं का? सांग बायकोला. फोन कानाला लावून गाडी कुणी घातली खांबावर?"

नातीने आईचा हात ओढला. सून पुढे आली, तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुम्हीच ठोकलं होतं. तुम्हीच मला सांगितलंत, पाय सटकला म्हणून. आठवत नाही का?"

त्या आवाजात राग असता तर क्लचबाई भांडली असती. पण त्यात खरीखुरी माया होती. तिने मुलाकडे पाहिलं. तो खाली वाकून नातीच्या बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं गेलं, पण डॉक्टरची वेळ ठरली. विसराळूपणा तपासणारा डॉक्टर. क्लचबाई निमूट गेली. नाही म्हटलं असतं तर तेही दुखण्यातच धरलं असतं.

डॉक्टरांनी वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, पाच शब्द देऊन थोड्या वेळाने परत विचारले. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टर मुलाकडे वळले. "घरी विसराळूपणाची कशा प्रकारची लक्षणं दिसतात?"

मुलाने घसा खाकरला. "गेटचं तर सांगितलंच. ते स्वतः केलेलं आठवत नाही. गाडीत भलताच पार्ट घालते आणि विसरते. आणि... परवा गॅस चालू ठेवून झोपली. पातेलं जळलं."

क्लचबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो सहज बोलत होता, लहानपणी शाळा बुडवल्यावर कारणं सांगायचा तसा. तेव्हा ती त्याच्या वतीने चिठ्ठी लिहून द्यायची.

"गॅस?" सून म्हणाली. "तो मी ठेवला होता चालू. फोनवर बोलत बसले होते. मी सांगितलं की तुला."

"हो का? मग माझा गोंधळ झाला असेल."

सून नवऱ्याकडे बघत राहिली. आधी नुसती, मग मान थोडी कलती करून, हिशेबात कुठे चुकलं ते सापडत असावं तशी.

"आजींची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर हसून म्हणाले. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

घरी आल्यावर सून क्लचबाईच्या खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली. "गेट कुणी ठोकलं?"

"तुला कळलंय."

"मग त्या दिवशी खोटं का बोललात?"

"तू निघून जाशील म्हणून. तुमचा संसार—"

"माझी मुलगी त्या सायकलवर असती तर?" सुनेचा आवाज चिरकला. "तरीही पाय सटकला म्हणून सांगितलं असतंत? तो पुन्हा फोनवर बोलत गाडी चालवणार, माझ्या मुलीला शेजारी बसवून, आणि मला पत्ता नाही. मी तुम्हाला घाबरत होते, आई. तुम्हाला! आणि ज्याला घाबरायला हवं त्याच्या गाडीत तिला खुशाल बसवत होते. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत."

शिकवणीतलं एक क्लचबाईला पक्कं माहीत होतं, की दुसऱ्याचा ब्रेक आपण दाबत राहिलो तर तो कधीच शिकत नाही. शेकडो परक्यांना तिने हे सांगितलं होतं.

सून मुलीला घेऊन माहेरी गेली. महिन्याभराने परत आली, पण पाहुण्यासारखी. घरात सगळे एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले. मुलगा एकदा स्वयंपाकघराच्या दारात आईला सामोरा आला. तिला वाटलं, आता तरी काही म्हणेल. "झालं समाधान?" तो म्हणाला आणि पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

क्लचबाईने गाडी विकली नाही. किल्ली मात्र ती आता कमरेला लावून फिरते, स्वतःच्या घरात. सकाळी काम असो नसो, गाडी बाहेर काढते.

परवा ती इंजिन सुरू करून बसली होती तेव्हा नात खिडकीपाशी आली. "आजी, मी येऊ?"

क्लचबाईने वर पाहिलं. सून गच्चीत कपडे झटकत उभी होती. तिने ऐकलं होतं. ती नको म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही, दुसरा कपडा घेऊन झटकायला लागली.

"आज नको हं," आजी म्हणाली. तिने नातीला मागे पायरीवर जायला सांगितलं, ती नीट पोचली हे आरशात पाहिलं, आणि गाडी गेटबाहेर काढली.