एक जून चोपन्न

“एकाहत्तर?” मी विचारलं. “या खेळात तुझी लेक मैत्री एकाहत्तर वर्षांची आहे?”

“आई, वय विचारतात तिथं काहीतरी टाकावंच लागतं,” प्रज्ञेश लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला. “नऊ टाकलं तर अर्धा गेम बंद राहतो. तुझी तारीख पाठ होती, ती टाकली. एक जून चोपन्न.”

माझी नात भिंतीकडे तोंड करून रडत होती. मोबाइलवर पाकिटं उघडायची, त्यातून निघतील ती चित्रांची कार्डं जमवायची आणि त्यांचे डाव खेळायचे, असा तो खेळ. चार महिने जपलेला तिचा सोनेरी गरुड कुणा अनोळखी माणसानं गोड बोलून अदलाबदलीत काढून घेतला होता. मी त्याचे संदेश वाचले. आधी शाळा कोणती, मग दुपारी घरी कोण असतं, मग फोटो पाठव. फोटो तिनं पाठवला नव्हता.

“ब्लॉक केलाय मी त्याला,” प्रज्ञेश म्हणाला.

“उपकार झाले.”

खेळाला माझी हरकत नव्हती. शेजारी बसून मी तो पाहिला होता. कुठलं कार्ड कधी टाकायचं हे मैत्रीला माझ्याआधी कळायचं. हरली तरी चिडायची नाही, पुन्हा डाव मांडायची. आणि लहान मुलांना परक्यांचे संदेश येऊ नयेत म्हणून त्या खेळातच कुलूप होतं. ते माझ्या पोटच्या पोरानं माझ्या तारखेनं उघडलं.

ती तारीखही माझी नाही. आई सांगायची, मी झाले तेव्हा कडाक्याची थंडी होती. शाळेत घालताना वडिलांना तारीख सांगता आली नाही, म्हणून मास्तरांनी एक जून लिहून टाकली. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा. पुढे महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मी कारकून होते, प्रवेशाचं रजिस्टर माझ्या हातात होतं. आईबाप यायचे, “बाई, एक वर्ष वाढवा की, कुणाला कळतंय.” मी कुणाचंही वाढवलं नाही. नगरसेवकाची चिठ्ठी आणणाऱ्यांचंही नाही.

“शाळेचं रजिस्टर आहे का ते, आई?” प्रज्ञेश वैतागला. “सगळेच टाकतात.”

“आमच्या मास्तरांना खरी तारीख ठाऊक नव्हती. तुझी मुलगी तुझ्यासमोर बसली होती.”

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “आता वय बदलता येत नाही. नवीन खातं काढावं लागेल. तिची सगळी कार्डं जातील.”

“जाऊ देत.”

मैत्री गर्रकन वळली. “आजी, नको ना. मी कुणाशी नाही बोलणार. शप्पथ.”

मी आवाज हलू दिला नाही. “खेळ तू. रोज खेळ. पण नऊ वर्षांची होऊन खेळ.”

जुनं खातं प्रज्ञेशनं पुसलं. नव्यात मैत्रीनं आपली तारीख एका बोटानं, सावकाश भरली. मग पडद्यावर अक्षरं आली: मोठ्या माणसाची परवानगी हवी.

फोन घ्यायला मी हात पुढे केला. तिनं तो पाहिला, मला वळसा घातला आणि फोन बाबासमोर नेऊन ठेवला.

माझा हात थोडा वेळ तसाच होता.